शेवाळातला जांभळा धूर

समुद्राच्या शेवाळाचा उपयोग काय, असं मालवणात कुणालाही विचारा. पहिलं उत्तर येईल, ‘घसरून पडायला!’ रॉक गार्डनच्या खडकांवर फोटो काढायला चढलेले पाहुणे हमखास आपटतात ते याच शेवाळावरून. ओहोटीला खडपात उतरून कालवं काढणाऱ्या एका काकींना मी विचारलं, ‘काकी, हे शेवाळ कुणी खातं का हो?’ काकींनी हातातलं काम थांबवलं, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘शेवाळ? ता कोण खाता! तेच्यार पाय दिलंस की घसारलंस म्हणान समज.’ संपला विषय.

पण याच खडपावरच्या एका तपकिरी शेवाळाचे चुलतभाऊ तिकडे चीनमध्ये चक्क औषधाच्या दुकानात विकले जातात. तेही काल-परवापासून नाही, सुमारे दोन हजार वर्षांपासून! चिनी पारंपरिक औषधांच्या दुकानात भिंतभर लाकडी खण असतात. कशात मुळ्या, कशात साली, कशात वाळलेली फुलं, कशात शिंपले. त्यातल्या एका खणावर लिहिलेलं असतं ‘हायझाओ’. खण ओढला की आत काळपट, वाळून चोळामोळा झालेलं, अंगावर मिठाची पांढरी भुकटी बसलेलं शेवाळ. दुसऱ्या एका खणात ‘खुनबू’, ते रुंद पट्ट्यांचं. दुकानदार तोलून पुडी बांधून देतो. घरी नेऊन ते बाकीच्या औषधांबरोबर उकळायचं आणि काढा प्यायचा. कशासाठी? मुख्यतः गळ्यावरची गाठ जिरवायला.

हायझाओचं शास्त्रीय घराणं म्हणजे सरगॅसम. या घराण्याच्या शेकडो जाती जगभरच्या समुद्रांत आहेत. चिनी औषधात त्यातल्या दोन वापरतात. मालवण, कुणकेश्वर, विजयदुर्गकडच्या खडपांवर वाढतात त्या जाती वेगळ्या, पण आडनाव एकच. पावसाळ्याचा धुमाकूळ ओसरून पाणी जरा नितळलं की ते दिसायला लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी असते, तेव्हा घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन खडपात जा आणि पाण्याच्या डबक्यांत डोकवा.

पिवळसर-तपकिरी रंगाचं एक झुडूप दिसेल. पानांच्या कडा बारीक करवती. मधूनमधून मिरीच्या दाण्याएवढे गोल फुगे. वाहून आलेलं एखादं डहाळं हातात घेऊन त्यातला एक फुगा बोटांत दाबा, टच्‌कन फुटतो. आत पाणी नाही, नुसती हवा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीत तुम्हाला लाइफ जॅकेट घालायला लावतात ना, तेच काम हे फुगे करतात. भरती आली, डोक्यावर पुरुषभर पाणी चढलं, तरी झुडूप आडवं पडत नाही. उजेडाच्या दिशेने ताठ उभं राहतं.

आता खाली बघा. मूळ शोधाल तर सापडायचं नाही. आहे ती फक्त खडकाला घट्ट चिकटलेली एक चकती. ती पकडून ठेवते, बाकी काही नाही. खडकातून ती अन्न शोषत नाही की पाणी शोषत नाही. हे शेवाळ आपल्या सगळ्या अंगाने, पानांनी आणि देठांनी, थेट समुद्रातूनच हवं ते उचलतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा. पुढचं सगळं रहस्य त्यातच दडलंय.

तर गळ्यावरची गाठ. तिला आपल्याकडे गलगंड म्हणतात. सुश्रुतसंहितेतही तिचं वर्णन आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला सूज येते, कधी लिंबाएवढी, तर कधी इतकी मोठी की मान वळवणं मुश्कील आणि श्वास घेणंही जड. या रोगाची एक विचित्र खोड होती. समुद्रकाठी तो क्वचितच दिसायचा. हिमालयात, युरोपातल्या आल्प्समध्ये, चीनच्या आतल्या डोंगराळ मुलखात मात्र गावंच्या गावं गलगंडाने भरलेली. तिथल्या लोकांना वाटायचं, आपल्याकडच्या पाण्यातच काहीतरी वाईट आहे. प्रत्यक्षात त्या पाण्यात काहीतरी नव्हतं! पण ते काय, हे कळायला फार काळ जायचा होता.

चौथ्या शतकात चीनमध्ये गे होंग नावाचा एक विद्वान होऊन गेला. अर्धा वैद्य, अर्धा किमयागार. माणसाला अमर करणारं औषध शोधण्यात त्याने बरंच आयुष्य घालवलं. ते काही त्याला सापडलं नाही (आणि एका दृष्टीने बरंच झालं म्हणायचं). पण वाटेत त्याने एक फार कामाचं पुस्तक लिहिलं. अडीअडचणीला, वैद्य जवळ नसताना, गरिबालाही परवडतील असे उपाय त्यात होते. पुस्तक बाहीत ठेवून कुठेही नेता यावं अशी त्यामागची कल्पना. त्यात गलगंडावरचा उपाय असा: हायझाओ रेशमी पिशवीत घालायचं, पिशवी मद्यात भिजत ठेवायची आणि ते मद्य दिवसातून थोडं थोडं घ्यायचं. उरलेला चोथा टाकायचा नाही. तो वाळवून, पूड करून, तीही घ्यायची. कंजूषपणा बघा! पण आज आपल्याला माहीत आहे की तो चोथा टाकला असता तर औषधाचा एक भाग वाया गेला असता.

गे होंगचं हे पुस्तक म्हणजे गंमतच आहे. त्यातच हिवतापावर एका रानटी वनस्पतीचा उपाय आहे: पाला थंड पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि रस प्यायचा. विसाव्या शतकात तू यूयू नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी तो वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं, अरे, आपण हा पाला उकळतोय, इथे तर थंड पाण्यात भिजवायला सांगितलंय! त्या धाग्यावरून त्यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध शोधलं. २०१५मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपण शेवाळाकडे परत येऊ. चिनी वैद्यांना शेवाळाचा गुण कळला होता. पण तो का येतो, याचं त्यांचं उत्तर ऐका. ते म्हणत, प्रत्येक चवीचं एक काम असतं. खारट चव घट्ट गोष्टीला मऊ करते. गळ्यावरची गाठ घट्ट, शेवाळ खारट आणि गुणाने थंड, म्हणून शेवाळाने गाठ मऊ होऊन विरघळते.

पटतंय ना? मग आता वर्गात हात वर करून प्रश्न विचारतात तसा एक प्रश्न विचारा. खारटपणानेच गाठ विरघळत असेल, तर नुसतं मीठ खाऊन का नाही विरघळत? डोंगरातले लोक मीठ खातच होते की! म्हणजे उपाय बरोबर, पण कारण चुकलेलं. असं विज्ञानात पुष्कळदा होतं. काय केल्याने गुण येतो हे माणसाला आधी कळतं आणि तो का येतो हे कळायला कधी कधी दीड हजार वर्षं लागतात.

इथेही तेवढीच लागली.

१८११ साल. फ्रान्समध्ये नेपोलियनची युद्धं चालली होती. युद्ध म्हटलं की तोफांना दारूगोळा हवा आणि दारूगोळ्याला सोरा हवा. बर्नार कुर्त्वा नावाचा रसायनकार सोरा बनवायचा आणि त्यासाठी समुद्राच्या शेवाळाची राख वापरायचा. त्या राखेने भांड्यांच्या तळाशी खरपुडी धरायची. ती घालवायला तो आम्ल ओतायचा. एक दिवस आम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून झकास जांभळ्या रंगाचा धूर निघाला! तो थंड जागेवर जाऊन बसला तिथे काळे, चकचकीत स्फटिक तयार झाले. पाणी नाही, थेंब नाही, धुराचा थेट खडा. कुर्त्वाला एक नवं मूलद्रव्य सापडलं होतं: आयोडिन. बिचारा स्वतः मात्र गरिबीतच गेला.

(हे घरी करून बघायचं नाही. तो धूर विषारी असतो. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडिन घरात असेल, तर मोठ्यांना विचारून त्याचा एक थेंब बटाट्याच्या फोडीवर टाका. फोड निळी-काळी होईल. तेच ते आयोडिन.)

पुढे नऊ वर्षांनी, १८२०मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरांनी दोन आणि दोन चार केले. आल्प्सच्या आसपास गलगंडाचे रोगी भरपूर. युरोपातले जुने वैद्य त्यांना समुद्री स्पंज जाळून त्याची राख द्यायचे. चिनी वैद्य शेवाळ द्यायचे आणि हे स्पंजाची राख द्यायचे. दोन्ही गोष्टी समुद्रातल्या! स्पंजातही आयोडिन असतं, हे तोवर कळलं होतं. क्वांदेंनी मग राख बाजूला ठेवली आणि रोग्यांना थेट आयोडिनचं औषध दिलं. गाठी उतरायला लागल्या. पण काही जणांना त्रासही झाला, कारण मात्रा फार जास्त होत्या. हे जास्त मात्रेचं प्रकरण पुढे पुन्हा येणार आहे.

शेवटचा दुवा १८९५मध्ये जुळला. जर्मनीत बाउमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीतच आयोडिन सापडलं. म्हणजे ते बाहेरचं औषध नव्हतं, शरीराचाच कच्चा माल होता.

ही थायरॉइड ग्रंथी म्हणजे फुलपाखराच्या आकाराची छोटीशी गोष्ट, गळ्याच्या पुढे, घाटीच्या जरा खाली. वाढ किती वेगाने व्हायची, शरीर किती गरम ठेवायचं, मेंदूची जडणघडण कशी व्हायची, यासाठी लागणारं संप्रेरक ती बनवते. त्याच्या एका रेणूत आयोडिनचे चार अणू लागतात. आयोडिन मिळालं नाही की माल कमी पडतो. मग मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तिला निरोपांवर निरोप पाठवते, ‘अजून बनव, अजून बनव!’ कच्चा माल तर नाही. बिचारी थायरॉइड आपला कारखानाच वाढवत सुटते. तोच गलगंड. म्हणजे गाठ हा शत्रू नव्हताच, ती ग्रंथीची धडपड होती.

लागतं तरी किती आयोडिन? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, तुमच्या वयाच्या मुलांना साधारण १२०. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. गणित करून बघा: सत्तर वर्षं जगणाऱ्या माणसाला जन्मभरात चार ग्रॅमही आयोडिन पुरे. छोट्या चमच्यात मावेल एवढंसं! तेवढं मिळालं नाही तर मात्र गाठ येते. आईच्या पोटातल्या बाळाला मिळालं नाही तर त्याच्या मेंदूचीच वाढ खुंटते.

मग डोंगरात ते का नव्हतं? हजारो वर्षांचा पाऊस आणि हिमनद्या डोंगरातल्या मातीतलं आयोडिन धुऊन नदीवाटे समुद्रात नेतात. माती कोरी होते, तिच्यातून उगवणारं धान्य कोरं, ते खाणारा माणूसही कोरा. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासायला सुरुवात केली. काही भागात साधं मीठ दिलं, काही भागात आयोडिन घातलेलं. आयोडिनवाल्या भागातले गलगंड काही वर्षांत झपाट्याने कमी झाले. १९६२मध्ये देशभराचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पिशवीवर ‘आयोडिनयुक्त’ लिहिलेलं असतं, ते त्यामुळेच.

इथे सिंधुदुर्गातली चौकस मुलं विचारतील, ‘पण आमचं मीठ तर समुद्राचंच की!’ वेंगुर्ल्याजवळचं शिरोडा मिठागरांसाठी प्रसिद्ध. १९३०मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्राचं पाणी आटवून बनवलेल्या मिठात आयोडिन असणारच, असं आपल्याला वाटतं. पण नसतं, म्हणजे अगदी नगण्य असतं. मिठाचे खडे बनतात तेव्हा आयोडिन त्यांत शिरत नाही. ते मागे उरणाऱ्या कडवट पाण्यात राहतं किंवा हवेत उडून जातं. म्हणून समुद्राच्या मिठातही ते वेगळं घालावं लागतं. कोकणातल्या आजी-पणजींना गलगंडापासून वाचवलं ते मिठाने नव्हे, माशांनी. रोजच्या ताटात बांगडा, सुंगटं, कालवं असतील तर कुठला आलाय गलगंड! मला वाटतं, आपल्याकडे शेवाळाचं औषध झालं नाही त्याचं एक कारण हेही असावं. काकींना शेवाळ खायची गरजच पडली नाही. त्यांचं आयोडिन सुक्या माशाच्या डब्यात होतं.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा काढा. शेवाळ सगळ्या अंगाने समुद्रातून हवं ते उचलतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडिन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. खुनबूसारखी मोठी तपकिरी शेवाळं ते वेचून वेचून साठवतात. पाण्यात असतं त्याच्या तीस हजार पटीपर्यंत! त्यांना थायरॉइड नाही, गळाही नाही. मग हा साठा कशाला?

याचं उत्तर अगदी अलीकडचं, २००८मधलं. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या एका मोठ्या तपकिरी शेवाळाचा अभ्यास केला. ओहोटीला हे शेवाळ उघडं पडतं. वरून ऊन, वारा, शिवाय हवेतला ओझोन. ओझोन जिवंत पेशींना जाळतो. मग शेवाळ आपल्या अंगावर आयोडिन सोडतं. ओझोन पेशींवर तुटून पडायच्या आधी आयोडिनशीच झटापट करून संपून जातो. शेवाळ वाचतं. म्हणजे ज्याला आपण औषध समजत होतो ते शेवाळाचं चिलखत निघालं.

आणि त्या झटापटीतून काय तयार होतं, माहीत आहे? आयोडिनचे अतिसूक्ष्म कण. ते हवेत वर जातात आणि वाढत वाढत मोठे झाले की त्यांच्याभोवती बाष्प जमून ढगाचे थेंब बनू शकतात. आयर्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी असे कण हवेत अचानक वाढलेले मोजलेत. शेवाळाने ढगाला हातभार लावायचा, ही कल्पना एखाद्या गोष्टीत वाचली असती तर मी म्हटलं असतं, लेखकाने जरा जास्तच ताणलंय.

ती राक्षसी शेवाळं आपल्याकडे मात्र नाहीत. त्यांना थंड पाणी लागतं आणि मालवणचा समुद्र पडला उबदार. गंमत म्हणजे खुनबू मुळात चीनचंही नाही! प्राचीन काळी ते कोरिया-जपानच्या बाजूने आणावं लागायचं. १९२७च्या सुमारास जपानकडून ते चीनच्या दालियान बंदरात येऊन रुजलं. पुढे त्सेंग चेंग-कुई या शास्त्रज्ञाने चिंगदाओमध्ये सहकाऱ्यांबरोबर त्याची समुद्रात शेती करायची युक्ती बसवली. कडक उन्हाळ्यात रोपं थंड पाण्यात जपायची आणि समुद्र गार झाला की दोरांना बांधून सोडायची. आज जगातलं बहुतेक खुनबू चीनच पिकवतो. सूपमध्ये आणि कोशिंबिरीत घालून खातोही.

मग आपणही रोज शेवाळ खायला लागायचं का? थांबा, घाई नको. वाळलेल्या खुनबूच्या एका ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडिन असू शकतं, आणि तुम्हाला हवंय दिवसाला १२०! जपानच्या होक्काइडो बेटावर काही कोळी वस्त्यांत खुनबू भरपूर खाणाऱ्यांना गलगंड झाल्याचं डॉक्टरांनी १९६०च्या दशकात नोंदवलंय. आयोडिन फार झालं की थायरॉइड बावचळते, काम थांबवते आणि पुन्हा सुजते. जे औषध गाठ घालवतं त्याचाच अतिरेक गाठ आणतो.

दुसरी गोष्ट आणखी गंभीर. चिनी दुकानातल्या हायझाओच्या दोन जातींपैकी एक जपानमध्ये ‘हिजिकी’ म्हणून भाजीसारखी खातात. तिच्यात आर्सेनिक हे विष सापडलं. २००४मध्ये ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने लोकांना सरळ सांगितलं, हिजिकी खाऊ नका. पाण्यातलं सगळं वेचणाऱ्याकडे चांगलं तेवढंच कसं जमणार? बंदराच्या, गटाराच्या आसपासचं शेवाळ तर अंगात काय काय भरून बसलेलं असेल. म्हणून खडपातलं शेवाळ तोंडात घालायचं नाही. अगदी चव बघायलासुद्धा नाही.

चिनी वैद्यांनाही जपून वापरायची सवय होती. त्यांच्याकडे एकमेकांशी न जमणाऱ्या औषधांची एक प्रसिद्ध यादी आहे. तिच्यात लिहिलंय: हायझाओबरोबर ज्येष्ठमध कधीही देऊ नये. झालं, नियम पक्का. पण १६१७मध्ये, म्हणजे आपला सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला त्याच्या सत्तेचाळीस वर्षं आधी, चेन शिगोंग नावाच्या शल्यवैद्याने शस्त्रक्रियेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात गलगंडावरचा एक काढा आहे, आणि त्यात हायझाओ आणि ज्येष्ठमध शेजारी शेजारी नांदतायत! नियम चुकला की चेनसाहेब चुकले? चिनी डॉक्टर अजून यावर वाद घालतात.

शेवाळाचं आणखी एक जुनं औषध ऐकून तुम्ही नाक मुरडाल. जंत! पोटात हातभर लांबीचे जंत होणं पूर्वी काही नवल नव्हतं. दक्षिण चीनमध्ये त्यावर एक छोटं जांभळट शेवाळ उकळून मुलांना पाजायचे. आपल्याकडे खाडीत खारफुटीची झाडं असतात ना, तशा झाडांच्या मुळांवर ते वाढतं. दुसरं एक लाल शेवाळ चीन-जपानमध्ये याच कामाला वापरत. १९५३मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या लाल शेवाळातून कायनिक आम्ल वेगळं काढलं. जंतांच्या मज्जातंतूंवर ते असा काही मारा करतं की ते लुळे पडतात आणि पोटातून बाहेर फेकले जातात. आता जंतांवर याहून सोप्या गोळ्या आहेत, शाळेतच देतात. पण कायनिक आम्ल कामावरून निवृत्त झालं नाही. मेंदूच्या पेशी कशा काम करतात, फिट कशा येतात, याचा अभ्यास करायला जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात.

आणि बाकीचे दावे? शेवाळाने कर्करोग बरा होतो, म्हातारपण पळतं, वजन उतरतं असं सांगून आजकाल डब्यांतून पावडरी विकतात. शेवाळातल्या द्रव्यांवर संशोधन जोरात चालू आहे, हे खरं. चीनमध्ये तपकिरी शेवाळातल्या चिकट पदार्थापासून १९८०च्या दशकात रक्ताच्या गुठळ्यांवरचं औषध बनवलंय, हेही खरं. पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत गुण दिसणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं. डब्यावरची जाहिरात हा फरक तुम्हाला सांगणार नाही.

तो तपकिरी शेवाळातला चिकट पदार्थ तुमच्याही तोंडात कधीतरी गेला असेल. वेडेवाकडे दात सरळ करायला डेंटिस्टकडे गेलेल्यांना आठवेल: एका साच्यात गारगार लगदा भरून दातांवर दाबतात, दोन-तीन मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो आणि दातांचा हुबेहूब ठसा उठतो. तो लगदा अल्जिनेटचा, म्हणजे सरगॅसम-खुनबूच्या नातलगांचा.

हा चिकटपणा स्वतः बघायचाय? वाहून किनाऱ्याला लागलेला शेवाळाचा तुकडा घ्या. खडकावरचं उपटायचं नाही. मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी तर त्याचा गाभाच. तुकडा साध्या पाण्यात खळबळून परातीत पाणी घालून तरंगत ठेवा. खालून जाड पांढरा कागद सरकवा. काडीने फांद्या हव्या तशा पसरवा आणि कागद हळूच तिरका उचला. वर सुती फडकं, मग रद्दी, मग वजन. रद्दी रोज बदलायची. काही दिवसांनी बघा, शेवाळ आपल्याच चिकाने कागदाला चिकटलेलं असेल. डिंक नाही, फेविकॉल नाही. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले शेवाळांचे शास्त्रज्ञही नमुने असेच तयार करतात. खाली तारीख, जागा आणि रंग लिहायला विसरू नका, कारण वाळल्यावर लाल शेवाळाचा रंग पार बदलू शकतो.

आणि तरीही कुणाला शेवाळ खायचंच असेल, तर ते बहुधा तुमच्या घरातच आहे. फळीवर ‘चायना ग्रास’ची पुडी असेल, पांढऱ्या कडकडीत धाग्यांची. उन्हाळ्यात दुधात घालून तिचं थलथलीत पुडिंग करतात. ते गवतबिवत काही नाही, लाल शेवाळातून काढलेलं अगर. ग्रॅसिलेरिया नावाच्या लाल शेवाळात ते असतं, आणि ग्रॅसिलेरिया मालवणच्या खडपातही वाढतं. चीनमध्ये ही शेवाळं उकळून थिजवून उन्हाळ्यात खातात. पोटाला थंड आणि बद्धकोष्ठावर चांगलं म्हणून.

पण वैद्यकाला अगरने केलेली सगळ्यात मोठी मदत वेगळीच आहे. १८८१मध्ये जर्मनीत डॉक्टर वॉल्टर हेसे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याबरोबर काम करत होते. रोगजंतू वाढवायला ते जेलॅटिनची जेली वापरत. अडचण अशी की उबेत ठेवली की जेली वितळायची, आणि काही जंतू तर तीच खाऊन तिचं पाणी करायचे. हेसे वैतागले. त्यांची पत्नी फॅनी त्यांना प्रयोगात मदत करायच्या, जंतूंची चित्रं काढायच्या आणि घरचा स्वयंपाकही बघायच्या. वॉल्टरनी विचारलं, ‘तुझी पुडिंगं या उकाड्यात वितळत कशी नाहीत?’ फॅनींनी सांगितलं, त्यात अगर असतं. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. पुढच्याच वर्षी कॉखनी क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर केला, आणि त्यात अगरचा उल्लेख आहे. आजही घसा दुखतोय म्हणून डॉक्टरांनी तुमच्या घशातला नमुना तपासायला पाठवला, तर प्रयोगशाळेत तो बहुधा शेवाळाच्या जेलीवरच पसरवतात.

फॅनींचा प्रयोग घरी सहज होतो. दोन वाट्या घ्या. एकीत चायना ग्रास पाण्यात नीट उकळून ओता, दुसरीत जेलॅटिन गरम पाण्यात विरघळवून. दोन्ही फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या आणि मे महिन्यातल्या दुपारी झाकून अंगणात उन्हात ठेवा. तासाभराने जेलॅटिनच्या वाटीतलं सरबत झालेलं असेल. चायना ग्रास मात्र चमच्यानेच खावं लागेल. साखर आणि वेलदोडा आधी घातला असेल तर उत्तम.